पोरं काढणारी बाई

मुंबईचे संपादक माझी चित्रं दुरुस्तीला परत पाठवत, तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एखादं वाक्य लिहीत. एकदा त्यांनी लिहिलं, ‘तुमची मुलं उभी राहतात. पळत नाहीत.’

वाचून मला रागच आला. दोन दिवस मी ती गुंडाळी उघडली नाही. मग उघडून नीट बघितली, तर माणूस खरं बोलत होता. माझी पळणारी मुलं म्हणजे एक पाय वर उचलून थिजलेली मुलं होती. फोटो काढून घ्यायला उभी केल्यासारखी.

आम्ही तेव्हा रेवदंड्याहून चौलला जाणाऱ्या वाटेवर, नारळी-पोफळीच्या एका वाडीत दोन खोल्या घेऊन राहत होतो. यजमान तिथल्या हायस्कुलात गणित शिकवत. माझं चित्रकलेचं शिक्षण लग्नाआधी मुंबईत झालेलं, त्या ओळखीवर लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांची कामं मिळत. छापायच्या आकाराच्या दीडपट चित्र काढायचं, काळ्या शाईनं. दुसरा रंग असला तर तो वेगळ्या कागदावर. रेवसच्या लाँचनं मुंबईला जाणारं कोणी भेटलं की मेणकापडात गुंडाळून त्याच्या हाती द्यायचं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती, जिल्ह्याला अजून कुलाबाच म्हणत, आणि आमच्या बाजूला बाई चित्रं काढून पैसे मिळवते ही गोष्ट कोणाला पटत नव्हती. ती शिकवणी घेत असेल, असंच लोक धरून चालत.

त्या वर्षीचं पुस्तक समुद्रकाठच्या दोन भावंडांचं होतं. मोठी बहीण, धाकटा भाऊ, त्यांनी बांधलेली होडी. मी ठरवलं, पळणारी मुलं बघायची तर कोळीवाड्यात जायला हवं.

सकाळचा चहा झाला की मी निघायची. ह्यांनी शाळेतून आणलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, एक पुठ्ठा, दोन पेन्सिली. खोडरबर मुद्दाम घरी ठेवायची. रोज एक कागद भरायचा, चांगला आला तरी एक, वाईट आला तरी एकच, आणि स्वयंपाकाच्या वेळेला घरी. पहिल्या पंधरवड्यात नुसत्या वाकड्या रेघा जमल्या. मग हळूहळू कळायला लागलं की मूल डोक्याकडून काढायचं नाही, पायाकडून काढायचं. मूल कुठे निघालंय ते आधी पायाला ठाऊक असतं. आणि बघता बघता काढायचं नाही. बघायचं, डोळे मिटायचे, मिटलेल्या डोळ्यांपुढे जे उरेल तेवढंच कागदावर घ्यायचं. त्यामुळे एकेका पोराकडे मी फार रोखून बघत असे. कशी दिसत असेन मी तेव्हा, हे मात्र मनात आलं नाही.

एक मुलगी मला फार उपयोगी पडली. आठेक वर्षांची असेल. कडेवर सतत कोणाचं तरी पोर. त्या ओझ्यानं तिची कंबर एका बाजूला बाहेर आलेली असायची आणि तशीच ती किनाऱ्यावरून धावायची. तिच्या त्या धावण्यात संपादकांना हवं होतं ते सगळं होतं. ती स्वतःहून येऊन उभी राहायची.

“मना काडा.”

काढलं की कागद उलटा करून बघायची, मागच्या बाजूची कोणा विद्यार्थ्याची गणितं बघायची, आणि हसत पळून जायची.

बायका मात्र बोलत नसत. बोंबील सुकायला घालणाऱ्या बायकांच्या गप्पा लांबून ऐकू येत. मी जवळ आले की बंद. पुढे गेले की परत सुरू. मला वाटायचं, परकी बाई आली म्हणून असेल, होईल सवय.

त्यांच्यात एक उंच, काळीसावळी बाई होती. त्या मुलीची काकी. तिला तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा होता, बऱ्याच वर्षांनी, चौलच्या शितळादेवीला नवस बोलून झालेला. मी दिसले की ती हातातलं काम टाकून पोराला जवळ ओढायची आणि पदराखाली घ्यायची. एके दिवशी तिनंच विचारलं,

“काय बगता, बाई, येवडं?”

“चित्रं काढते. लहान मुलांच्या पुस्तकासाठी.”

“मंग पुस्तकातल्या पोरांना बगा ना.”

बाकीच्या हसल्या. ती हसली नाही.

“तुमाला किती पोरं?”

तिला माहीत होतं. सगळ्या रेवदंड्याला माहीत होतं. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती.

“एकही नाही,” मी म्हटलं.

“हं.” तिनं पदर आणखी खाली ओढला. “माज्या पोराला काडायचं न्हाय. सांगून ठेवते.”

“नाही काढणार.”

आणि खरंच काढलं नाही. तो दिसला की मी पेन्सिल खाली ठेवत असे.

थोड्या दिवसांनी वाण्याच्या दुकानात माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, “ती बग, पोरं काडनारी बाय.” मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. काढणारी म्हणजे चित्र काढणारी, की काढून नेणारी? हे मोठ्यानं हसले. म्हणाले, “उद्या म्हणतील, बाई पोरं काढते आणि मास्तर वजा करतो.” मीही हसले.

भाद्रपदात ती मुलगी किनाऱ्यावर यायची बंद झाली. विचारलं तर कोणी सांगेना. एक म्हणाली मामाकडे गेली, दुसरी म्हणाली घरीच आहे. मग एका सकाळी तिची काकी आमच्या वाडीत आली. आत बोलावलं तरी आली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली,

“कागद द्या.”

“कुठले कागद?”

“पोरीचे. सगळे. ताप हाय तिला. उतरत न्हाय. रोज तिला बगत बसलात, कागदावर नेलात. द्या माघारी.”

हे घरातच होते. बाहेर येऊन त्यांनी समजावायला सुरुवात केली. ताप कशानं येतो, चित्राचा त्याच्याशी संबंध कसा नाही, डॉक्टरला दाखवलं का. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी आत गेले आणि पेटीतून त्या मुलीचे सगळे कागद काढून आणले. ती धावण्याची चित्रं, ज्यांच्यावर माझं अख्खं पुस्तक उभं राहायचं होतं. ह्यांनी मला खुणेनं ‘नको’ म्हटलं. पण आजारी मुलीच्या घरच्या माणसाशी वाद कसा घालायचा?

तिनं ते आमच्याच अंगणात पेटवले. कनवटीला मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या आणल्या होत्या, त्या वर टाकल्या. मिरच्या जळल्या आणि ठसका लागला नाही तर दृष्ट खरी, ठसका लागला तर दृष्ट नाही, असं मानतात. मला ठसका लागला. तिलाही लागला. मला लाज वाटेल इतका आनंद झाला.

“बघ,” मी म्हटलं, “दृष्ट नाही.”

डोळे पुसत ती म्हणाली, “वाऱ्यानं लागला.”

आणि पुढच्या आठवड्यात मुलीचा ताप उतरला. झालं. आता कोणाला काय सांगणार?

एका सकाळी वाडीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं. कोणी ठेवलं ते कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून मी प्रत्येकाच्या हाताकडे बघू लागले. वाडीच्या मालकीणबाईंची नात रोज सकाळी जास्वंदीची फुलं न्यायला माझ्या दारावरून जायची, ती आता मागच्या बाजूनं जाऊ लागली. मालकीणबाई गोड बोलत होत्या, पूर्वीपेक्षा जास्तच गोड. लिंबू त्यांचं असेल का? वाण्याच्या बायकोचं? दूध घालणाऱ्याचं? आणि त्याहून वाईट म्हणजे मीच मनाशी पडताळा घेऊ लागले. अमक्या घरात ताप आलाय म्हणे. त्या घरातलं मूल मी काढलं होतं का? काढलं होतं. तमक्या घरातलं? नव्हतं. मग बरं वाटायचं. शिकलेली बाई मी, आणि मुलांचे ताप असे वाटून घेत बसले होते.

ताप मुदतीचा, टायफॉइडचा होता, आणि तो गावात पसरत गेला. मी कधी न बघितलेल्या घरांतही मुलं आजारी पडली. अलिबागहून सरकारी डॉक्टर आले, त्यांनी विहिरींत लाल औषध टाकलं, पाणी उकळून प्यायला सांगितलं. विहिरीचं पाणी बिघडलंय हे त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं, सुटले.

त्याच दिवसांत त्या मुलीच्या काकीचा नवसाचा मुलगा गेला.

माझ्याकडे बातमी आणली ती मालकीणबाईंनी. ऐकताक्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की ह्याला मी काढलं नव्हतं. तो मुलगा कसा होता, हे नंतर आठवलं.

मी किनाऱ्यावर जायचं सोडलं. कागद मात्र रोज भरत होते, कारण तो सोडला तर परत हातात पेन्सिल येणार नाही अशी भीती वाटायची. कावळा काढला. विळी काढली. स्वतःचा डावा हात तर इतक्या वेळा काढला की अजूनही न बघता काढीन. पुस्तक अडकून पडलं.

दिवाळीला नणंद आली, तिच्या सात-आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन. घरात इतकं हसणं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. भाऊबिजेच्या सकाळी बाळ पडवीत सतरंजीवर पालथं पडून एक पाय हवेत हलवत होतं. बाळाचा तळवा चालायला लागण्याआधी फार वेगळा असतो, गुळगुळीत, गोल. मी सहज कागद घेऊन समोर बसले. नणंदेला काही वाटलं नाही. ती केस विंचरत होती.

हे आतून आले. माझ्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, आणि वाकून बाळाला उचललं.

“ऊन येतंय तिच्या अंगावर,” म्हणाले.

पडवीत ऊन नव्हतं. ते दुपारनंतर यायचं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. बाळाला खांद्यावर घेऊन, माझ्याकडे पाठ करून ते आत गेले. मी कागदावर अर्धा तळवा काढला होता. तो तसाच ठेवून मी उठले आणि फराळाच्या ताटांचं बघायला गेले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघांनी पुढची तीन-चार वर्षं एक अक्षर काढलं नाही.

नणंद गेल्यावर काही दिवसांनी, दुपारी, मागच्या दारी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. बघते तर मुलगा गेलेली ती काकी. पार सुकली होती. मला आधी धसकाच बसला. आता काय न्यायला आली?

ती पायरीवर बसली. मग म्हणाली,

“बाई, तुमी माज्या पोराला काडला असंल ना?”

“नाही गं. तुला शब्द दिला होता.”

“चोरून काडला असंल. मी बगत नसताना.”

“नाही.”

“खोटं बोलू नका. मी काय करनार न्हाय तुमाला. जाळनार बी न्हाय. येकच असंल तर येकच द्या.”

तेव्हा कुठे मला समजलं ती काय मागतेय. त्या मुलाचा फोटो नव्हता. कोण काढणार? इतके महिने तिला संशय होता की मी लपूनछपून तिचं पोर काढते, आणि आता तो संशय खरा निघावा म्हणून ती माझ्या दाराशी बसली होती.

मी पेटी बाहेर आणून तिच्यापुढे उघडली. तिनं एकेक कागद काढून बघितला. कावळे, विळ्या, हात. पेटीच्या तळाचं वर्तमानपत्रसुद्धा उचलून बघितलं. शेवटी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून कुठेतरी लपवलंय.

“आठवून काढू?” मी विचारलं.

“तुमी त्याला बगितला कवा? मी झाकून ठेवला त्याला.”

“बघितला होता.”

तिनं पदर सावरला. आता ही उठून जाणार, असं मला वाटलं. मग म्हणाली, “मंग काडा.”

मी काढला. गोल चेहरा, मोठे डोळे, कपाळावर आलेले केस.

“ह्यो न्हाय. ह्यो कोनाचा बी पोर हाय.”

खरं होतं. ते पुस्तकातलं पोर होतं. दुसरं काढलं. “कान येवडे न्हवते.” तिसरं काढलं. तिनं नुसती मान हलवली. ऊन कलल्यावर ती उठून गेली, जाताना तीनही कागद घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. तिसऱ्या दिवशीही. मी काढायची, ती ‘न्हाय’ म्हणायची. मध्येच सांगायची, डावी भिवई मधे तुटकी होती, होडीच्या काठावर पडला होता तेव्हाची. नाक तिच्या सासऱ्यासारखं होतं. सासरा कसा होता ते मी विचारायची. एकदा मी तिचाच चेहरा निरखून बघायला लागले, तर तिनं झटकन तोंड फिरवलं.

“मना नका बगू.”

एवढं सगळं होऊनही तिचा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्या रोजच्या ‘न्हाय’नं मी रडकुंडीला आले होते. भिवई बरोबर, कान बरोबर, नाक बरोबर, आणि मूल चूक. मग एका दुपारी, तिची वाट बघत बसले असताना, किनाऱ्यावरची माझीच रीत आठवली. डोळे मिटले. आणि जे दिसलं ते होतं तिचं हिरवं लुगडं, पदराची कड, त्या कडेखालून बाहेर आलेला अर्धा चेहरा. हनुवटी छातीला टेकलेली, एक डोळा माझ्यावर रोखलेला. ह्याशिवाय वेगळं असं मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. पूर्ण, उजेडातला चेहरा मी कुठून काढणार होते?

ती आली तेव्हा चित्र तयार होतं. तिनं ते हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिली. मग बोट न टेकवता, कागदाच्या वरूनच पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

“व्हय,” म्हणाली.

रडले मी. ती नाही रडली. तिनं कागद पदरात बांधला आणि विचारलं, “ह्याच्यासारका दुसरा ठेवलाय काय तुमी?”

“नाही.”

“पुस्तकात घालायचा न्हाय.”

“नाही घालणार.”

“आनि परत काडायचा न्हाय. तुमच्या बोटात ऱ्हायला असंल तरी.”

मी हो म्हटलं. संपादकांना धाकट्या भावाचा चेहरा हवा होता, आणि माझ्या हातात एकच चेहरा आला होता, तरी तो दिला नाही. पुस्तकातल्या भावाला मी माझ्या लहानपणच्या शेजाऱ्याचं तोंड दिलं. बहीण मात्र कागदावर खरंच पळाली. ती मुलगी मार्गशीर्षात परत किनाऱ्यावर आली, तापानं डोक्यावरचे केस गेलेले, पण कंबर तशीच बाहेर काढून धावणारी. तिला मी लांबून बघून घरी येऊन काढलं. पुस्तक छापून आलं तेव्हा तिला एक प्रत दिली. तिनं सगळी पानं उलटली.

“ह्यात मी कुठं हाय?”

पानावर बोट ठेवून दाखवलं तर म्हणाली, “हिला तर केस हायत.” रुसून गेली.

पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. पौषानंतर कोळीवाड्यातल्या बाया माझ्याकडे येऊ लागल्या. पोरांची तोंडं धुतलेली, केसांना तेल. “काडून ठेवा, बाई.” आधी मला वाटलं, गैरसमज गेला. मग त्यांच्या बोलण्यातून कळलं की तसं नव्हतं. त्यांना वाटत होतं, उद्या काही झालंच तर चेहरा तरी हाताशी असावा. जिवंत, हसतं मूल समोर बसवून त्या हिशेबानं काढायचं, हे मला फार जड गेलं. पण नाही म्हणवेना. आई शेजारी बसली पाहिजे आणि कागद तिनंच घेऊन जायचा, एवढी अट मी घातली. त्यातल्या काही बाया मूल उठल्यावर माझ्या देखत त्याच्यावरून मीठ ओवाळत. मी बघून न बघितल्यासारखं करी.

साठ सालानंतर ह्यांची बदली अलिबागला झाली. बैलगाडीवर सामान चढवून आम्ही मागून चालत होतो, तेव्हा चौलचं तळं मागे पडल्यावर ह्यांनी एकदम विचारलं, “त्या भाऊबिजेला तू रागावली होतीस ना?”

“रागावले नव्हते. दुखलं होतं.”

“मला भीती वाटली होती.”

“माझी?”

थोडं पुढे जाऊन ते म्हणाले, “हो. त्या क्षणी वाटली. मुलांना वर्गात काय शिकवतो ते सगळं माहीत असून वाटली.”

खरं सांगितलं त्यांनी, ह्याचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्यांच्या हातात माझी चित्रांची पेटी होती. ती गाडीत ठेवायला ते तयार नव्हते, गचक्यांनी शाई सांडेल म्हणून.

अलिबागला घर लागल्यावर पहिल्याच सकाळी मी पुठ्ठा घेऊन किनाऱ्यावर गेले. दोन पोरं ओल्या वाळूत खेकड्यामागे लागली होती. त्यांची आई जवळपास कुठे दिसते का, ते आधी बघितलं. एक बाई जाळं झटकत होती. तिच्याकडे गेले आणि विचारलं, “तुमची का ही? काढू का ह्यांना?”

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कशाला?” म्हणाली.

मी वाळूवर तिच्या शेजारी बसले आणि सांगायला सुरुवात केली.